बिघाड कसा, शोभेसा हवा

होळीच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला आमचा मिक्सर गेला. ‘गेला’ हे क्रियापद मराठीत माणसांना आणि यंत्रांना एकच आहे, आणि सणाच्या दिवशी घरातलं वातावरणही दोन्हींसाठी सारखंच होतं. भांड्यात निम्मं पुरण, गॅसवर कटाची आमटी आणि ओट्यावर मिक्सर गप्प.

आईने पहिला शेरा मारला, “पुरणयंत्र होतं चांगलं. ते तुम्ही माळ्यावर टाकलंत.” चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, “मोटर बर्न झाली असेल.” शेजारचे काका होळीची वर्गणी मागायला आले होते. त्यांनी मिक्सरकडे न बघताच निदान केलं, “बोर्ड गेला.” आमच्या मिक्सरला बोर्ड नाही. एक मोटर, एक फिरवायचं बटण आणि एक वायर एवढाच त्याचा संसार. पण हल्ली टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी, काहीही बंद पडलं की ‘बोर्ड गेला’ म्हणायची पद्धत आहे, जसं कुठल्याही तापाला ‘व्हायरल आहे’ म्हणतात. बायको एवढंच म्हणाली, “जरा थांबून बघू या का?” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

घरातला कर्ता पुरुष या नात्याने मी टेस्टर शोधायला गेलो. तो सापडायला वीस मिनिटं लागली. बोर्डाच्या भोकात खुपसला, पेटला, म्हणजे वीज होती. मग मिक्सर उचलून नाकाशी धरला, जरासा जळका वास आला. खर्जातल्या आवाजात जाहीर केलं, “कॉइल जळलीय.” कॉइल म्हणजे नेमकं काय आणि ती मिक्सरमध्ये कुठे असते, हे कोणी विचारू नये म्हणून तो खर्ज.

आळीच्या टोकाला वायरमन मामांचं दुकान आहे. पाटी नाही. दाराबाहेर रांगेने ठेवलेले टेबलफॅन, इस्त्र्या आणि मिक्सर हीच पाटी. मामांनी आमचा मिक्सर घेतला, भांडं बसतं तिथून बोट फिरवलं, बोटाला लागलेली डाळ पाहिली आणि विचारलं, “पुरण?” मी मान डोलावली. त्यांनी पान्याला, स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही. मिक्सर उलटा केला, तळाचं लाल बटण अंगठ्याने दाबलं, ‘टक्’ असा आवाज झाला. पिन आधी त्यांच्या टेबलावरच्या बल्ब लावलेल्या पाटीत खुपसली, बल्बाकडे एक नजर टाकली, मग सरळ लाईनवर घेतली. मिक्सर गर्जायला लागला.

“सकाळपासनं पाचवा,” मामा म्हणाले. “पुरण घट्ट, भांडं गच्च. मोटर फिरंना झाली की करंट जास्त ओढती, तापती. मग आतलं ओव्हरलोड उडतं. मोटर जळू नये म्हणूनच दिलंय ते. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं आन् बटण दाबायचं.”

मी पाकीट काढलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. तरी मी तिथेच घुटमळलो. शेवटी हळूच विचारलं, “घरी काय सांगू?”

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “कॉइल साफ केली म्हणा.”

मी तसंच सांगितलं.

*

वाटेत एक प्रश्न मात्र चावत राहिला. मोटर जळली नाही, खिशाला एक रुपयाचा फटका बसला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मग चेहरा का पडला?

कारण कॉइल जळली असती तर दोष कंपनीचा, व्होल्टेजचा, फार तर आमच्या पत्रिकेचा. बटण सुटलं म्हटल्यावर दोष आमचा. महागडा बिघाड दैवाचा असतो, स्वस्त बिघाड घरच्याचा असतो. म्हणून आपण निदान नेहमी वरून खाली करत येतो. आधी मोटर, मग बोर्ड, मग ‘हल्लीचा मालच असला’, आणि अगदी शेवटी, कोणी बघत नाही अशी खात्री करून, खटका चालू आहे का. मामा खालून वर जातात. खटका, प्लग, वायर, फ्यूज, आणि तिथवर काही मिळालं नाही तर मोटर. त्यांच्या विद्येत एवढंच गुपित आहे. ते आपल्याला जमत नाही, कारण पहिल्याच पायरीवर आपला मान आडवा येतो. ग्राहक सेवेच्या फोनवर मुलगी गोड आवाजात विचारते, “सर, बटण चालू आहे का?” तेव्हा आपण किती चिडतो! ‘मी काय अडाणी वाटलो?’ आणि मग फोन कानाला तसाच धरून चोरून बटणाकडे बघतो.

*

सगळ्यात खालची पायरी म्हणजे मुळात वीज आहे का. ती तपासायचं आपलं उपकरण म्हणजे गॅलरी. अंधार झाला की घरातलं एक माणूस धावत गॅलरीत जातं आणि निकाल देतं, “त्यांचीपण गेलीय.” सगळं घर निवांत होतं. विजेपेक्षा समता महत्त्वाची. पुण्यात तर गुरुवार हा दत्ताचा आणि देखभालीचा वार, त्या दिवशी गेली तर कोणी गॅलरीतसुद्धा जात नाही. खरी पंचाईत समोरच्या घरात दिवे असतात तेव्हा होते.

ही गॅलरी-तपासणी हसण्यावारी नेऊ नका, ती शास्त्रीय आहे. आपल्या घरात येतो तो 230 व्होल्टचा एक फेज आणि सोबत न्यूट्रल. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून मात्र तीन फेज निघतात आणि ते घराघरांत वाटलेले असतात. त्यामुळे एक फेज गेला की गल्ली दोन डोळ्यांनी बघायला लागते, काही घरं उजेडात, काही अंधारात. सगळी गल्ली काळी असेल तर बिघाड वर कुठेतरी आहे. एकच फेज गेला असेल तर खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी. फक्त आपणच काळे असू तर आपल्या मीटरपासून आत शोधायचं. आणि फक्त आपलं स्वयंपाकघर काळं असेल तर लाईनमनला फोन लावून शिव्या देण्याआधी जिन्याखालची एमसीबी बघायची. एवढा भूगोल आला की निम्मे फोन वाचतील. पण मग बोलायचं काय?

फेज गेला तर अंधार होतो, एवढंच. न्यूट्रल गेला तर राडा होतो. न्यूट्रल म्हणजे गल्लीतला तो समजूतदार माणूस, असेपर्यंत कोणाला आठवत नाही. तो खांबावरून सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना साखळीसारखी जोडली जातात, आणि दोन फेजमधले चारशेच्या आसपास व्होल्ट त्या साखळीवर येऊन पडतात. आता ते वाटले कसे जातात ते बघा. ज्याच्याकडे एसी, गीझर, इस्त्री सगळं धडधडत चालू आहे, त्याच्या वाट्याला कमी. ज्याच्याकडे एक दिवा आणि एक टीव्ही, त्याच्या वाट्याला जास्त. म्हणजे उधळ्याचे दिवे नुसते मंदावतात आणि काटकसर करणाऱ्याचा टीव्ही जळतो. बचतीचं हे फळ बँकेवाल्यांनी कधी सांगितलं नाही, खांबाने सांगितलं.

खूण लक्षात ठेवा. काही दिवे अचानक भगभगायला लागले, काही मिणमिणायला लागले, पंखा विमानासारखा पळायला लागला, तर एकेक प्लग उपटत बसू नका. सरळ मेन बंद. कौतुक करायला गॅलरीत मागाहून जा.

*

आता टेस्टर. शर्टाच्या खिशाला टेस्टर लावला की कारकुनाचा इंजिनिअर होतो. पण हे यंत्र किती भोळं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आत एक इवलासा निऑनचा दिवा आणि त्याला जोडून एक मोठा रोध, बस. आपण वरच्या टोपीला बोट लावतो तेव्हा अगदी किंचित करंट टेस्टरमधून, मग आपल्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे त्या सर्किटमधला एक पार्ट आपण स्वतः असतो. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर तोच टेस्टर मिणमिणतो, आणि भर उन्हात तर पेटलेला दिसतही नाही.

एकदा आमच्या हॉलमधले दिवे गेले. मी टेस्टर लावला, उजव्या भोकात पेटला. डाव्यात लावला, तिथेही पेटला. मी विजयाने हाक दिली, “दोन्हीकडे करंट आहे! डबल सप्लाय येतोय!” मामा आले, म्हणाले, “डबल न्हाई साहेब. न्यूट्रल तुटलाय.” परतीची वाट बंद झाल्यावर बिचारा फेज चालू असलेल्या दिव्यातून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या भोकात उभा राहिला होता, स्टेशनवर शेवटची गाडी चुकलेल्या माणसासारखा. वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परत जायलाही वाट लागते. टेस्टरला येणारा दिसतो, परतीची वाट बंद झालेली दिसत नाही. म्हणून टेस्टर पेटला म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. आणि पेटला नाही म्हणून उघड्या तारेला हात लावायचा, असं तर मुळीच नाही. ज्या टेस्टरवर आपण जीव टाकतो तो टपरीवर भेळेच्या भावात मिळतो, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

*

फ्यूज नावाच्या प्रामाणिक नोकराचे आपण जितके हाल केले तितके कोणाचे केले नसतील. चिनी मातीच्या फ्यूजात बारीक तार असते, जास्त करंट आला की ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. एकदा वितळली, दोनदा वितळली की आपले तीर्थरूप म्हणायचे, “ही तार कच्ची आहे,” आणि तिथे वायरचे चार पदर पिळून घालायचे. मग फ्यूज उडायचा थांबायचा. पुढच्या वेळी उडायची ती भिंतीतली वायर.

आज एमसीबी आली तरी वृत्ती तीच. एमसीबी सारखी पडते? मोठी बसवा! गणित तर चौथीचं आहे. गीझर 2000 वॉटचा, त्याला 230 ने भागा, जवळजवळ 9 अँपिअर. साधं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं, मोठं 16 चं. तरी छोट्या सॉकेटला एक्सटेन्शन लावून त्यावर इंडक्शन, त्यालाच इस्त्री आणि उरलेल्या भोकात राऊटर, असा कुटुंबमेळावा घरोघरी भरलेला असतो. मग एक दिवस शाकाहारी घरात मासळीचा वास येतो. आई देवघरातून ओरडते, “कोणी काय आणलंय?” कोणी काही आणलेलं नसतं. सॉकेटमधलं प्लॅस्टिक तापून जळायच्या बेतात आलं की बरेचदा असाच वास सुटतो. उदबत्ती लावू नका. मेन बंद करा आणि ते सॉकेट बदला. स्क्रू सैल झाला की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की ती जागा तापते, तापली की आणखी सैल होते. एका सैल स्क्रूपायी घरं जळली आहेत. पण ‘स्क्रू आवळून द्या’ म्हणून कोण वायरमनला बोलावतो? कमीपणा वाटतो.

एमसीबीची धाकटी बहीण आरसीसीबी. करंट किती ओढला हे ती बघत नाही, जितका गेला तितका परत आला का एवढंच बघते. 30 मिलिअँपिअरची गळती झाली, म्हणजे कुठेतरी कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून वीज निसटली, की ती पडते. घरात ती पडायला लागली की नव्याण्णव टक्के ठराव होतो, “ही फार नाजूक आहे, काढून टाका.” पहारेकरी रोज ओरडतो म्हणून त्याला काढला, चोर मात्र घरातच जेवायला. खरं तर शोधायची रीत बाळबोध आहे. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्याबरोबर ती पडेल, चोर त्या खोलीत. तिथले सगळे प्लग काढा, परत एकेक लावा. आमच्याकडे चोर न्हाणीघरात सापडला. गीझरचं एलिमेंट वरून फुटून पाण्यात वीज सोडत होतं. त्याच पाण्याने आम्ही ‘हर हर गंगे’ म्हणत होतो.

*

तिसरी पिन. तीन पिनांच्या प्लगात एक पिन जाड आणि लांब असते ती अर्थिंगची. लांब का? तर प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. जाड का? तर चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. कोणीतरी एवढा विचार करून ठेवला. त्यावर आमचं उत्तर म्हणजे पक्कड घेऊन ती पिन कापणे. “दोनावर चालतंय की!” किंवा वरच्या भोकात पेनची रिफिल खुपसायची, त्याने खालच्या दोन भोकांच्या आतल्या झडपा उघडतात, आणि दोन पिनांचा प्लग आत ढकलायचा. ज्या भोकाने जीव वाचायचा त्यात रिफिल घालून आपण घराचं मृत्युपत्र लिहितो.

मोबाइलच्या चार्जरला अर्थिंग लागत नाही, त्याला दुहेरी आवरण असतं. पण इस्त्री, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, पाण्याची मोटर या लोखंडी अंगाच्या मंडळींना ती हवीच. फ्रिजला हात लावला की ‘किंचित मुंग्या येतात’, हे आपण पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतो. ती गंमत नाही, नोटीस आहे. पूर्वी मीठ-कोळशाचे थर देऊन अर्थिंगचा खड्डा करायचे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे, कारण कोरडी माती वीज नीट पोटात घेत नाही. काही घरांत अर्थची तार सरळ नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असायची. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले, तार तिथेच आहे. आणि सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर सेक्रेटरींनी फरशी घालून गाडी लावली आहे. खालच्या मातीला पाणी मिळत नाही, गाडी मात्र रोज धुतली जाते.

*

स्टॅबिलायझर या वस्तूवरून घराची जातकुळी कळायची. तो टीव्हीखाली, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. आता टीव्हीच्या किंवा चार्जरच्या मागे काय छापलंय ते वाचा. ‘100-240’ असं बरेचदा दिसेल. म्हणजे व्होल्टेज दीडशेवर आलं तरी तो मजेत गाणी दाखवणार. कमी व्होल्टमध्ये खरा जीव जातो तो फ्रिजचा. कॉम्प्रेसर फिरायला धडपडतो, फिरत नाही म्हणून करंट जास्त ओढतो आणि तापतो. तो कोपऱ्यात उघड्यावर कण्हतोय आणि संरक्षण मिळालंय टीव्हीला. जो दिसतो त्याला सुरक्षा, जो राबतो त्याला नाही. राजकारणावर मी काही बोललेलो नाही, फ्रिजबद्दल बोलतोय.

वीज आली की फ्रिजचं बटण लगेच चालू-बंद, चालू-बंद करायची हौसही आवरा. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तोवर त्याला ढकललंत तर तो ‘हूं’ करून ‘टक्’ करणार आणि बसणार. पाच मजले चढून आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो. फ्रिजलाही दम खाऊ द्या.

रिमोट चालत नसेल तर आपली उपचारपद्धती ठरलेली. आधी मांडीवर आपटणे, मग सेल काढून उन्हात ठेवणे, मग सेल दाताने चावणे. सेल आतल्या आत नुसते फिरवले तरी टोकांवरचा थर घासला जाऊन काम होतं, आणि श्रेय मात्र चावण्याला जातं. रिमोट जिवंत आहे का बघायला मोबाइलचा कॅमेरा त्याच्या तोंडाशी धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बऱ्याच कॅमेऱ्यांना जांभळट दिसतो. मोबाइल चार्ज होत नसेल तर चार्जर विकत आणण्याआधी फोनच्या भोकात टॉर्च मारा. खिशातल्या लोकरीचं तिथे घरटं झालेलं असतं. फोन बंद करून ते लाकडी काडीने हलकेच काढा. पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढोसल्यावर फिरतो? वाइंडिंग नाही, कंडेन्सर. साधारण अडीच मायक्रोफॅरडची ती डबी. पुस्तकात तिला कपॅसिटर म्हणतात, पण तसं म्हटलंत तर दुकानदार शहरातला भाव लावेल. इस्त्री कधी तापते, कधी नाही? वायर मानेशी बघा. वायर मध्येच सहसा तुटत नाही, जिथे रोज वाकावं लागतं तिथे तुटते. तिचंही काही चुकत नाही.

*

तर मग बोर्ड कधी जातच नाही का? जातो की. आताच्या मशीनमध्ये बोर्ड असतोच, त्यावर मुंग्या घर करतात, पाल आडवी पडून दोन टोकं जोडते आणि स्वतःही जाते, वळवाच्या विजेचा एखादा तडाखा बसतो. पण कधी कधी त्या बोर्डावरचा एक फ्यूज, एक फुगलेला कंडेन्सर किंवा नुसती सुटलेली पिन एवढाच प्रकार असतो आणि बदलला जातो अख्खा बोर्ड. दाढ दुखते म्हणून जबडा बदलावा तसं. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं, सगळ्यांची सोय त्यात धरली आहे. हक्क मिळायला हवाच. पण ‘बोर्ड गेला’ हे ऐकून आपल्यालाही आतून बरं वाटतं, त्याचं काय करायचं? शेजारी सांगायला ते भारदस्त असतं. ‘बोर्ड गेला, सात हजार गेले’ या वाक्याला वजन आहे. ‘प्लग सैल होता’ या वाक्याला चहासुद्धा मिळत नाही.

एक मात्र विनोदाबाहेरचं. खालून वर जायचं ते प्लगपर्यंत, फ्यूजपर्यंत. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. गीझरला आणि ओल्या हातांनी कशालाच हात लावायचा नाही. तिथे मान गेला तर परत मिळतो, बाकीचं नाही.

मामांच्या टेबलावरची ती बल्बाची पाटी आठवतेय ना? तिला सिरीज बोर्ड म्हणतात. एक होल्डर, त्यात 100 वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब आणि एक सॉकेट. संशयित वस्तू आधी तिथे लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण भगभगतो, बाकी काही उडत नाही, सगळा मार तो स्वतःवर घेतो. मुळीच पेटला नाही तर आत कुठेतरी वाट तुटलेली. मधला उजेड कुठल्या वस्तूला किती पडला पाहिजे हे मामांना सवयीने कळतं. असले बल्ब घराघरांतून केव्हाच गेले, 2015 मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि एलईडीने त्यांना हाकललं. बिलं कमी झाली, बरंच झालं. पण सिरीज बोर्डावर एलईडी कामाचा नाही, त्याला हा मार झेपत नाही आणि काय झालंय ते सांगताही येत नाही. म्हणून मामा जुने पिवळे बल्ब खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवतात. निदान करायला हुशार दिवा लागत नाही, सोसणारा लागतो.

*

होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा. गुढी उभी राहिली, श्रीखंड बाहेरून आणलं, पण आईच्या आग्रहाखातर परत पुरण. बरोबर साडेअकराला मिक्सर गप्प झाला. चिरंजीव म्हणाले, “बोर्ड.” मी त्यांना हाताने थांबवलं आणि अनुभवी माणसाच्या चालीने टेस्टर शोधायला निघालो. कॉइलची मला आता बऱ्यापैकी माहिती होती.

पंधरा मिनिटांनी टेस्टर घेऊन परत आलो तर मिक्सर सुरू होता. पुरण मऊसूत वाटून झालं होतं आणि बायको तळाशी उडालेली डाळ पुसत होती.

“अहो, राहू द्या तो टेस्टर,” ती म्हणाली. “मी दाबली कॉइल.”